लपवलेलं कर्ज घरी सांगताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

कर्ज घरी सांगायचं ठरवणारे बरेच जण ते सांगतातही, पण अर्धं. सात लाख असेल तर तीन सांगतात. ऐकणारी व्यक्ती कशीबशी सावरते, बांगड्या मोडून किंवा भावाकडून उसने आणून तीन लाखांची सोय करते, आणि दोन-चार महिन्यांत उरलेले चार लाख बाहेर येतात. मग "अजून काय काय लपवलंयस?" या प्रश्नाला दिलेलं कुठलंच उत्तर खरं वाटत नाही. त्यापुढे फेडीचा हिशोब जमला तरी घरातला हिशोब जमत नाही.

कर्ज हप्त्याने फेडता येतं, सांगावं मात्र एकरकमी. पुढची सगळी तयारी एवढ्यासाठीच आहे.

क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, लोन अ‍ॅप, सोनेतारण, पतसंस्था, सावकार, मित्रांची उसनवारी असं सगळं इथे धरलं आहे. सांगणारा नवरा असेल, बायको असेल किंवा कमावता मुलगा-मुलगी, क्रम तोच.

आधी दोन इशारे

घरात मारहाण होत असेल किंवा होण्याची भीती असेल, तर एकट्याने सांगायला बसू नका. विश्वासातलं तिसरं माणूस सोबत हवं. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक फोनमध्ये ठेवा.

कर्जापायी जीव द्यावासा वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ ला फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. हिशोब दोन दिवस थांबू शकतो.

## टप्पा १: पूर्ण आकडा कागदावर काढा

सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्या. लोक इथेच घाई करतात, कारण खरी बेरीज स्वतःलाही बघवत नसते. डोक्यात "साधारण पाच-साडेपाच असेल" असं चाललेलं असतं आणि कागदावर ते सव्वासात निघतं. हा धक्का घरच्यांसमोर बसायच्या आदल्या आठवड्यात, तुमचा तुम्हाला बसलेला बरा.

फोनवर हिशोब मांडू नका. एक साधी वही घ्या, दोन पानं समोरासमोर उघडा आणि हे रकाने आखा: कोणाचं, आज एकूण बाकी किती, महिन्याचा हप्ता, व्याज, शेवटचा हप्ता कधी भरला, जामीनदार किंवा सहकर्जदार कोण, कागद कुठे आहेत.

मग या क्रमाने भरा:

१. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. तो त्यांच्याच संकेतस्थळावरून काढा. "स्कोअर फुकट बघा" म्हणणाऱ्या भलत्या अ‍ॅपवर गेलात, तर संध्याकाळपर्यंत नव्या कर्जाचे फोन सुरू होतात.

२. मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून एकेक ओळ वाचा. कापले गेलेले हप्ते, बाउन्स झाल्याचे दंड आणि भिशीचे पैसे इथे सापडतात.

३. रिपोर्टमध्ये जे येत नाही ते आठवून लिहा. मित्राचे पैसे, मेहुण्याचे पैसे, सावकार, ऑफिसातली उचल, किराणावाल्याची उधारी, बेकायदा अ‍ॅप. पतसंस्थेचं कर्जही रिपोर्टमध्ये दिसेलच असं नाही.

४. बाकी रक्कम अंदाजाने लिहू नका. प्रत्येक बँकेकडून किंवा वित्तकंपनीकडून आजचं कर्ज खाते-विवरण मागवा. मूळ रकमेत दंड आणि व्याज मिळून आज काय होतं, तो आकडा हवा.

उदाहरणादाखल एक पान असं दिसेल: क्रेडिट कार्ड १,८४,०००; वैयक्तिक कर्ज ३,१०,०००; लोन अ‍ॅप ४२,०००; मित्राचे ६०,०००; सोनेतारण १,२५,०००. एकूण ७,२१,०००.

यातली कार्डाची ओळ जरा नीट बघा. दरमहा ३.५ टक्क्यांनी १,८४,००० वर ६,४४० रुपये व्याज होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की सुमारे ७,६००. "किमान देय", म्हणजे त्या महिन्यात निदान भरावीच लागणारी रक्कम, बाकीच्या ५ टक्के असेल तर ९,२००. म्हणजे महिन्याला नऊ हजार दोनशे भरून मूळ कर्ज जेमतेम सोळाशेने उतरतं, तेही नवी खरेदी न केल्यास. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. "दर महिन्याला भरत होतो, तरी कमी का होत नाही?" हे घरी समजावून सांगताना हीच ओळ कामी येईल, म्हणून तुमच्या कार्डाचा खरा दर घालून हे गणित वहीतच करून ठेवा.

पुढे जाण्याआधी तपासा: वहीत नाही अशी एखादी रक्कम मनात आहे का? "ते मी एकटाच गुपचूप फेडीन" असं जिच्याबद्दल वाटतं, तीच रक्कम. ती लिहा.

## टप्पा २: पुरावे जपा, अ‍ॅप उडवू नका

सांगायचं ठरलं की पुष्कळ जण आधी लोन अ‍ॅप काढून टाकतात. अ‍ॅप काढल्याने कर्ज बंद होत नाही, कराराचा आणि भरलेल्या हप्त्यांचा पुरावा मात्र हातचा जातो. आधी करार, परतफेडीचं वेळापत्रक, पावत्या आणि धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घेऊन दुसरीकडे ठेवा. मग फोनच्या सेटिंगमधून त्या अ‍ॅपला दिलेली संपर्कयादी, फोटो आणि कॉल-नोंदींची परवानगी काढून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार कर्जाच्या अ‍ॅपला फोनमधल्या फाइल, संपर्कयादी आणि कॉल-नोंदी बघायची मुभाच नाही. कर्जाचे पैसेही परवानाधारक बँक किंवा वित्तकंपनीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत. तुमच्या अ‍ॅपमागे कोणती बँक किंवा वित्तकंपनी आहे हेच सापडत नसेल, तर वहीत त्या ओळीपुढे लाल खूण करा.

या काळात जुनं फेडायला नवं कर्ज घेऊ नका. एकच घेतलंत तरी वहीतला आकडा खोटा ठरतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

## टप्पा ३: कोणाला, कधी, कुठे

आधी एकाच माणसाला सांगा. लग्न झालेलं असेल तर जोडीदाराला. इथे होणारी चूक म्हणजे आधी आईला सांगणं, कारण आई रागावली तरी सांभाळून घेते. पुढे बायकोला कळतं की घरात तिच्याआधी सासूला माहीत होतं, आणि कर्जाचा विषय बाजूला पडून भलतंच उभं राहतं. नवऱ्याआधी माहेरी सांगितलं तरी तीच गत. घरात धोका असेल तर गोष्ट वेगळी, ती वर आलीच आहे.

जामीनदाराचा क्रमांक दुसरा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. ऑफिसातल्या मित्राने केवळ शब्दाखातर सही केली असेल, तर बँकेची नोटीस त्याच्या दारी जाण्याआधी तुमचा फोन गेला पाहिजे. जोडीदाराशी बोलणं झालं की त्याच आठवड्यात.

वेळ निवडताना शनिवार सकाळ चांगली. मध्ये रविवार मिळतो आणि सोमवारी बँक उघडी असते. रात्री जेवण झाल्यावर सुरू केलेलं बोलणं दोनपर्यंत चालतं, थकलेली माणसं नको ते बोलून जातात आणि सकाळी तशीच कामाला निघतात. सणाच्या तोंडावर, लग्नघरात, घरी पाहुणे असताना किंवा कोणाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको. पण या यादीचा आधार घेऊन गणपती झाले की, मग दिवाळी झाली की, मग मुलांच्या परीक्षा झाल्या की, असंही करू नका. पुढच्या तीन आठवड्यांतली एक तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

वन-बीएचकेत आई-वडील, मुलं आणि तुम्ही असाल तर घरात खासगी बोलायला जागा नसते, हे खरं आहे. मुलांना दोन तास मावशीकडे पाठवा किंवा आई-वडील देवळात जातात ती वेळ गाठा. हॉटेलात नको. समोरच्या माणसाला रडायची, ओरडायची मोकळीक हवी. चालत्या गाडीत नको. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. परगावी असाल आणि जाणं शक्यच नसेल, तर व्हिडिओ कॉल करा आणि समोरच्याला सांगा की तास-दीड तास लागेल. आणि बोलायला बसण्याआधी दारू नको, धीर येण्यापुरतीसुद्धा नको.

## टप्पा ४: पहिली दोन मिनिटं

आकडा पहिल्या तीन वाक्यांत आला पाहिजे. प्रस्तावना लांबली की ऐकणाऱ्याच्या मनात आजार, बाहेरचं प्रकरण, नोकरी गेली असं काहीबाही येऊन जातं.

असं म्हणता येईल:

"मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी बरेच दिवस लपवली. माझ्यावर सात लाख एकवीस हजारांचं कर्ज आहे. एवढंच आहे, सगळं या वहीत लिहिलंय. तुला सांगितलं नाही, ही माझी चूक."

आणि मग गप्प बसा.

वडिलांशी बोलायचं असेल तर "बाबा, बसा जरा, तुमच्याशी बोलायचंय" एवढी सुरुवात पुरे. पुढची वाक्यं तीच.

गप्प बसणंच लोकांना सगळ्यात जड जातं. अर्ध्या मिनिटाच्या शांततेला घाबरून माणूस बोलत सुटतो आणि नेमक्या याच चुका करतो:

*"आधी वचन दे, चिडणार नाहीस."* न ऐकलेल्या गोष्टीसाठी वचन मागणं म्हणजे समोरच्याचा रागावण्याचा हक्क काढून घेणं.

*"पण तुझ्या भावाच्या लग्नात खर्च झाला ना..."* असेलही झाला. आज तो विषय काढलात तर ती कबुली राहणार नाही, वाद होईल.

*हुंदके देत सुटणं.* रडू आलं तर येऊ द्या, त्यात काही वावगं नाही. पण ऐकणाऱ्यालाच उठून तुमची समजूत घालायला लागली, तर धक्का बसलेला माणूस तसाच राहतो आणि राग चार दिवसांनी दुप्पट होऊन बाहेर पडतो.

*"मी बघतो, तू काळजी करू नकोस."* इतके दिवस तुम्हीच बघत होतात.

*त्याच बैठकीत पैसे किंवा दागिने मागणं.* ही चूक सगळ्यात महागात पडते. "तुझं मंगळसूत्र सोडून बाकीचं ठेवू या का?" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून निघालं, की मोकळेपणाने सांगितलेलं सगळं पैसे काढण्याची युक्ती वाटू लागतं. स्त्रीधन तिचं आहे. ते द्यायचं की नाही हे तिने, तिच्या वेळी, न विचारता ठरवू दे. आणि सोनं आधीच तिला न सांगता तारण ठेवलं असेल, तर ते कुठे आहे, किती ग्रॅम आहे, मुदत कधी संपते हे आकड्यापाठोपाठ लगेच सांगा. वहीत दिसेलच, असं म्हणून त्यावर सोडू नका.

## टप्पा ५: प्रश्नांना उत्तरं

प्रश्न साधारण ठरलेले असतात. कधीपासून? कशात गेले? आणखी कोणाला माहीत आहे? माझी कुठे सही आहे का? माझं पॅन, आधार वापरलंस का? घरावर काही आहे का? आदल्या दिवशी यांची उत्तरं वहीत एकेका ओळीत लिहून ठेवा.

"कशात गेले" याचं उत्तर द्यायला जीभ रेटत नाही, कारण लाज रकमेची कमी आणि कारणाची जास्त असते. शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, गेले असतील तर तसं सांगा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांतल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाल्याचं दिसलं. याने तुमची चूक धुऊन निघत नाही, पण "एवढा कसा मूर्ख निघाला" यापेक्षा थोडं शांतपणे बोलता येतं. जुगार, ऑनलाइन पैशांचे खेळ किंवा दारू यात गेले असतील आणि सवय सुटलेली नसेल, तर तेही याच बैठकीत सांगा. सवय लपवून कर्ज सांगितलं तर आकडा पुन्हा वाढणार, हे तुम्हालाही माहीत आहे.

सहीच्या प्रश्नामागे भीती असते, म्हणून नेमकं सांगा. जोडीदार सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर तुमच्या वैयक्तिक कर्जाची वसुली त्याच्याकडून करता येत नाही. सही असेल तर ती कोणत्या कागदावर आहे ते दाखवा. जोडीदाराची सही तुम्हीच केली असेल, तर तेही आत्ताच सांगा आणि वकिलाचा सल्ला घ्या.

उत्तर माहीत नसेल तर "सोमवारी बँकेत विचारून सांगतो" म्हणा, आणि सोमवारी खरंच विचारा.

समोरचा माणूस उठून आत गेला, जेवला नाही, दोन दिवस बोलला नाही, तरी मागे लागू नका. वही टेबलावर राहू द्या. पुष्कळदा ती रात्री कोणीतरी एकटं बसून वाचतं.

तपासा: बैठक संपताना समोरच्याकडे पूर्ण आकडा आहे का? नसेल तर हा टप्पा झालेला नाही.

## टप्पा ६: दुसरी बैठक, तीन-चार दिवसांनी

आता फेडीचं बोला. घरात येणारे एकूण पैसे, घर चालायला लागणारे पैसे आणि उरणारे पैसे, हे तीन आकडे दोघांनी मिळून काढा. किराणा, शाळेची फी, औषधं यांत हात घालून ओढून-ताणून काढलेला "उरणारा" आकडा दुसऱ्याच महिन्यात कोसळतो.

क्रम माझ्या मते असा असावा. राहतं घर किंवा सोनं ज्यावर अडकलंय ते हप्ते आधी, कारण लिलाव झाला की वस्तू परत येत नाही. मग सगळ्यात जास्त व्याजाचं, म्हणजे बहुधा कार्ड. मित्राला ठरावीक छोटी रक्कम दरमहा द्या, भले दोन हजार. तो व्याज लावत नाही म्हणून त्याला शेवटी ढकलण्याची पद्धत मला पटत नाही. बाकीच्यांवर किमान हप्ता चालू ठेवा.

सासर-माहेर, भाऊ-बहीण यांतलं आणखी कोणाला सांगायचं हे याच बैठकीत दोघांनी मिळून ठरवा. कळत्या मुलांना आकडा नको, पण "या वर्षी हात आखडता आहे" एवढं कळायला हरकत नाही. त्यांना वातावरण आधीच कळलेलं असतं.

## टप्पा ७: बँक आणि वसुलीवाले

हप्ता चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा. ई-मेल करा किंवा शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, कार्डाची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलता येईल का, हे विचारा. फोनवर मिळालेलं आश्वासन धरू नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ किंवा चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना आणि मित्रांना छळायचं नाही. तसं झालं तर आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यासाठीचा क्रमांक १४४४८. लाल खुणेचं अ‍ॅप फोटो बदलून पाठवायची धमकी देत असेल तर पैसे पाठवू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. विनापरवाना सावकार असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

कर्ज थकलं म्हणजे अटक, असं नसतं. मात्र दिलेला चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता बाउन्स झाला तरी तशीच तरतूद आहे. म्हणून कोर्टाचा कागद आला की तो न उघडता कपाटात टाकू नका. ज्या माणसाला सगळं सांगितलंय, त्याच्यासमोर उघडा.

इशारा: "पन्नास टक्क्यांत कर्जमुक्ती करून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

## टप्पा ८: पहिले तीन महिने

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वीस मिनिटं वही उघडून बसा. काय भरलं, काय बाकी, कोणाचा फोन आला. त्या वीस मिनिटांच्या बाहेर, चहा पिताना किंवा नातेवाइकांसमोर हा विषय कोणीच काढायचा नाही, हे दोघांनी आधीच ठरवून घ्या. नाहीतर भाजीत मीठ जास्त पडलं तरी बोलणं कर्जावर येतं. बँकेचे मेसेज काही महिने दोघांच्याही फोनवर येऊ द्या. ही शिक्षा वाटेल, पण "आज काही नवीन नाही ना?" असं रोज विचारलं जाण्यापेक्षा ती सुसह्य आहे.

एखादं खातं फिटलं की 'थकबाकी नाही' असं पत्र घ्या आणि दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा बघा. तिथे "क्लोज्ड" लिहिलेलं हवं. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलं असेल तर "सेटल्ड" येतं, आणि पुढे गृहकर्ज मागताना ते आडवं येतं. त्यामुळे तडजोडीला हो म्हणण्याआधी हे दोघांनाही माहीत असू द्या. पूर्ण भरूनही चुकीची नोंद दिसत असेल तर बँक आणि रिपोर्ट देणारी कंपनी दोघांकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई म्हणून मिळण्याची तरतूद आहे.